लाकडी कावळा

बाबा तोफांच्या कारखान्यात दिवसभर लोखंडाला कानस मारत, आणि कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या एका खोलीत अभ्यासाची जागा म्हणजे दाराचा उंबरठा. लढाई लागली, कारखान्यात भरती उघडली. बी.ए.च्या इतिहासात मी तेव्हा एकदा आपटलो होतो. बाबा म्हणाले, "अजून एक साल घे. नाही जमलं तर चल माझ्यासंगं गेटवर."

म्हणून मी नेपियर टाउनला जहाजवाल्या सरांच्या शिकवणीला जाऊ लागलो. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. नर्मदेच्या नावेत बसले तरी त्यांना मळमळायचं. पण रोम आणि कार्थेजच्या आरमारी लढाईवरून ते हलायला तयार नसत.

कार्थेजवाले पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी. रोमनांना जहाज ठाऊक नाही. किनाऱ्याला लागलेलं कार्थेजचं एक जहाज बघून त्यांनी तशीच जहाजं बांधली आणि वल्हेकऱ्यांना कोरड्या जमिनीवर बाक मांडून शिकवलं. सर आम्हालाही बाकावर बसवत. "ओढ... सोड. अरे, ताल चुकून राहिला तुझा." समोरचा पानवाला रोज विचारी, "भैया, आज कहाँ तक पहुँचे?" मी म्हणे, "वहीं के वहीं."

मग कावळा. रोमनांनी जहाजावर एक लाकडी पूल उभा केला, खाली लोखंडी चोच. तो शत्रूच्या जहाजावर आपटायचा, चोच रुतायची आणि सैनिक चालत पलीकडे जायचे. त्याचं नावच कावळा. "कावळा शिवला की कार्थेज संपलं," असं म्हणून सर पुस्तक मिटत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जहाज किनाऱ्याला लागे.

"सर, पेपर जवळ आला. कार्थेज हरलं ते सांगा ना एकदाचं."

"घाई काहून करून राहिला? हरणाऱ्याला दम तर घेऊ दे." वर टोमणा असायचाच, "तू रोमनच आहे लेका. घरात कोणी वल्हं धरलं नाही, अन् निघाला समुद्र जिंकायला."

मी चिडून घरी यायचो. बाबा विचारत, "झाला का इतिहास?" मी वही घेऊन उंबरठ्यावर बसायचो.

पेपर तोंडावर आला असताना सर झोपेतच गेले. अभ्यासक्रम अर्धाही झाला नव्हता. खरं सांगतो, रडू येण्याआधी मला रागच आला.

दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली येईना. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "पोरीकडे मी पाहीन, काळजी नका करू." कावळे ढिम्म. ऊन चढलं. शेवटी मी हात जोडले. "सर, कार्थेजचं पुढचं मी माझं वाचून घेतो. अन् पास होतो."

तरी शिवला नाही. सगळे वैतागले. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. मला तिथे हसू फुटलं. काकूंनी वळून पाहिलं. त्यांना म्हटलं, "काकू, रोमनांनीही असाच कावळा केला होता." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. जन्मभर तेच तर ऐकून राहिली मी."

राहिलेलं सगळं मी उंबरठ्यावर बसून वाचलं. कार्थेज हरलं.

त्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला.