बिनहवेची खोली

दुपारचं जेवून त्रिशला मगदूम प्रयोगशाळेच्या मागच्या लहान खोलीत खुर्चीवर जरा टेकते. दार लावलेलं आहे. समोर काचेची पेटी. तिच्यात नायट्रोजन सोडून प्राणवायू पार हाकलून लावलेला असतो, कारण आत वाढणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंना तो विषासारखा. याच जंतूंनी तिचा धाकटा भाऊ सुकुमार सातव्या वर्षी नेला. म्हणून तर ती या कामात आली. डोळे जड होतात. सिलिंडरचा सुस्कारा कानात घुमत राहतो.

पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत ती हात घालते. आतून कुणीतरी तिची बोटं धरतं.

"आक्का."

काचेपलीकडे सुकुमार आहे. पेटी एवढीशी, तरी तो सरळ उभा आहे. ओठ हलत नाहीत. आवाज मिटलेल्या दातांमधून गाळून येतो.

"सुकू, तोंड उघड की रे."

"उघडत न्हाई."

भीतीनं ती हात ओढते. सुटत नाहीत. खिडक्यांना घोंगडी टांगलेली आहेत, उजेडानं त्याला झटके येऊ नयेत म्हणून. म्हणजे ही दवाखान्यातली ती खोली, जबडा मिटलेला सुकू शेवटी जिथं होता. पण कॉटवर तो नाही, ती स्वतः पडली आहे आणि तो उशाशी उभा आहे.

"झोपू दे मला," ती पुटपुटते. "बरं वाटतंय."

"इथं झोपायचं न्हाई. इथं वारं न्हाई, आक्का. ही जागा त्यांची हाय."

"कुणाची?"

तो दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून फाकवू लागतो. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज होतो. तोंड उघडतं. आत नुसता काळोख. तो तिच्या मनगटावर वाकतो.

त्रिशला किंचाळत जागी होते. डोकं गरगरतंय, पायांत त्राण नाही. पेटीची नळी निसटून खोलीतच फुसफुसतेय. ती रांगत दार गाठते, ढकलते आणि बाहेर कोसळते.

सहकारी रझिया धावत येते. "मॅडम! काय झालं?"

"आत जाऊ नकोस! नायट्रोजन... बाहेरच्या खिडक्या उघड."

खिडक्या उघडून रझिया तिला सावरून बसवते आणि थबकते. "हाताला काय चावलं हो?"

मनगटावर इवल्याशा दातांची लालभडक खूण उमटली आहे. पुढे एका दाताएवढी जागा कोरी. आजारी पडण्याच्या आदल्या दिवशीच सुकुमारचा दुधाचा दात पडला होता. कौलांवर तो त्रिशलानंच फेकला होता.