खड्याची हाक

आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत प्रत्येकाला हाताच्या खुणेचं नाव असतं. मंदाचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट, कारण तिथे तिला खळी पडते. शिवणवर्ग संपला म्हणून काल वडील तिला कायमचं घरी न्यायला आले. मी विचारलं, "घरी तिला हाक कशी मारता?"

"लहानसा खडा मारतो, बाई. मग बघते," ते सहज म्हणाले.

शिवण येतं, हातांनी भरभरून बोलता येतं, आणि आता घरी तिचं नाव पुन्हा खडा. काय शिकवलं आम्ही इतकी वर्षं? तिच्याशी बोलणारं घर कुठून आणायचं?

ती फाटकापाशी पोचली. मी गालावर बोट टेकवलं, पण तिची पाठ माझ्याकडे होती. तिला वळवायला माझ्याही हाताशी अंगणातले खडेच होते.