शीलाच्या घरी कप फुटत नसे

शीलाच्या मुलाचा मलाजखंडहून फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलला. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेली?" कारण ही बाई कायम कुठंतरी जायचीच.

शीला माझी शाळेपासूनची मैत्रीण. बालाघाटला मुलींच्या सुधारगृहात समुपदेशक होती. हातून गुन्हा घडलेल्या मुली, असं मी म्हटलं की उसळायची, "घडलेल्या नाही व, केलेल्या म्हण!" घरीही तेच. कप फुटला म्हटलेलं तिला चालत नसे. "कपाले काय पाय आहेत? कोणं फोडला ते सांग." नवरा बिचारा मान खाली घालून "मी फोडला" म्हणायचा, की लगेच हसून त्याला दुसऱ्या कपात चहा द्यायची, गोड गुळचट, तोंडात घालवत नसे असा.

एकदा सुधारगृहात एक मुलगी आली होती, नाव-गाव शीलानं कधीच सांगितलं नाही. तिनं लहान चुलतभावाशी नको ते केलं होतं, आणि विचारलं की तिचं एकच उत्तर, "होऊन गेलं. तो हसत होता, त्याले काही समजत नाही, आन् मी तं पोरगी आहो, पोरगी कोणाचं काय बिघडवन?" हे ऐकून माझं डोकंच फिरलं. "आन् तू अशीचे लाड करून राह्यली?"

"लाड नाही. ते लेकरू त्याच घरात राह्यते. ही उद्या परत जाईन. होऊन गेलं म्हणतच गेली, तं पुन्हा होईन. समजलं?"

त्या मुलीशीही पूर्वी कोणीतरी तसंच केलं होतं. शीला तिला म्हणायची, "तुह्यावर झालं ते खरं. तुले कोणी विचारलं नाही, तेही खरं. पण त्याच्यावर तुनं केलं." असे कित्येक महिने गेले... मग एका संध्याकाळी शीला माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि रडायलाच लागली. "बोलली व! मीनं केलं, म्हणाली. तो भेला होता, मले दिसत होतं, म्हणाली. आन् आपणहून म्हणाली, मले त्या घरात नका पाठवू, त्याले भेव लागन." मुलगी आत्याकडे गेली. शीला त्या दिवशी माझ्याकडचा बिनसाखरेचा चहाही मुकाट्यानं प्याली.

परवा ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला घर भरलं होतं. एक अनोळखी तरुण बाई आली, फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि कोणी न सांगता आत कप धुवायला बसली. थोड्या वेळानं खळ्ळकन आवाज आला. शेजारीण म्हणाली, "जाऊ द्या, कप फुटला असन."

आतून उत्तर आलं, "नाही. मीनं फोडला."

मी उठून आत गेले. ती तुकडे वेचत होती. मी नाव विचारलं नाही. फळीवरचा दुसरा कप काढला, चहा ओतला, शीला घालायची तेवढी साखर घातली आणि तिच्या हातात दिला.