पिकू न दिलेले टोमॅटो

गणपती उरकल्यावर आईला कोकणातल्या गावाहून पुण्यात, पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा तिच्या पिशवीत दोन साड्या, गुडघ्याचं तेल आणि राखेत घोळवून वाळवलेलं टोमॅटोचं बी, एवढंच होतं. मुक्काम किती, हे तिनं सामान भरतानाच ठरवलं होतं. वडील गेल्यापासून ती समुद्राकाठच्या घरात एकटी राहायची. तिनं फोन उचलायला जरा उशीर केला की इकडे चाकणच्या कंपनीतून मी तिच्या शेजाऱ्यांना फोन लावत सुटायचो. आता तिनं आमच्याकडेच राहावं, असं मला आणि बायकोला मनापासून वाटत होतं. आईनं ते साफ धुडकावलं. बंद घराला वाळवी लागते, आणि तिला कुठं काय धाड भरलीय?

"मी ह्या बी लावतंय," ती म्हणाली, "पयलो टोमॅटो लाल झालो की जातलंय. तवसर माका काय एक इचारू नको."

आई एकदा बोलली की बोलली. दिलेला शब्द फिरवणं तिच्या रक्तातच नाही. बी उगवू नये, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

बी उगवलं. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत, अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत. गावी तिचे टोमॅटो अंगणाच्या कडेला, वाळूमिश्रित जमिनीत असत. खारा वारा लागू नये म्हणून ती नारळाच्या झावळ्यांचा आडोसा करायची. फळ लिंबाएवढंच, पण आंबट असं की सारात कोकम विसरलं तरी चालून जाई. इथं खारा वारा कुठला? तरी तिनं बायकोची ओढणी रेलिंगला बांधून आडोसा केलाच. मग मासे धुतलेलं पाणी बादल्यांत ओतायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली आणि पाठोपाठ सेक्रेटरी स्वतः वर आले. आईनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि त्यांच्या गुलाबाला हे पाणी कसं घालायचं ते शिकवून परत पाठवलं.

त्या पाण्यानं झाडं नुसती माजली. फळं धरली, फुगायला लागली, आणि माझी झोप उडाली.

कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. मालात खोट दिसली की बाजूला काढायचा, हे माझं काम. घरी मी टोमॅटोंचं इन्स्पेक्शन सुरू केलं. हिरवेपणा जरा फिका पडला की फळ बाजूला. बायको परभणीकडची. तिच्या माहेरी हिरव्या टोमॅटोची शेंगदाणे घालून चटणी करतात. तिला काही सांगावं लागलं नाही. आईनं त्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या चापल्या आणि टोमॅटो कुठून आले, हे विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, म्हातारीला काही पत्ताच नाही. फार हुशार समजत होतो मी स्वतःला.

पुढं कंपनीत कामाचा रेटा वाढला. शिफ्ट संपली की ओव्हरटाइम, सुट्टीच्या दिवशीही बोलावणं. बाल्कनीत डोकवायलाही फुरसत होईना. बादल्यांची आठवण झाली तेव्हा धावत जाऊन बघितलं, तर एकही टोमॅटो लाल नव्हता. बायकोचे आभार मानले.

"मी कामून तोडू?" ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच तोडलाव. मी तर ओट्यावर दिसले की चटणी करते."

म्हणजे टोमॅटो तोडून ओट्यावर ठेवणारं तिसरंच कुणी होतं.

त्या रविवारी सकाळी आई बाल्कनीत पाठमोरी उभी होती. एका टोमॅटोच्या बुडाला नुकती लाली धरली होती. तिनं तो अलगद पिरगळला, पदरात टाकला आणि वळली, तर समोर मी.

"लाल झालो तर माकडां ठेवची नाय," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "आधीच काढूचो लागता."

गावी हे अगदी खरं आहे. तिकडे माकडं लाल फळ झाडावर राहू देत नाहीत. म्हणून सगळेच हिरवं काढून तांदळात पिकत घालतात. पण आमच्या अकराव्या मजल्यावर आजवर कबुतरांखेरीज कोणी आलेलं नाही. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"होय गे आये," मी म्हणालो, "हय पण माकडां खूप वाढली हत."

"मग बघतंस काय? वरचो तो तू तोड. माझो हात पोचना नाय."

वरचा टोमॅटो चांगला हिरवागार होता. मी तो तोडला.