मिल्क रिव्हरची ओटी

आम्ही अमेरिकेला निघालो त्या सकाळी आईनं जीप दूधगंगेच्या पुलावर थांबवली. मागच्या सीटवर बॅगा, बॅगांवर मी, आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघतोय. आईनं भर रस्त्यात सुनीताची, म्हणजे माझ्या नव्या नवरीची, ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. "ओटी भरून पाठवलेली बाई परत येती," ती सुनीताला म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी खात्री न्हाई."

तिचा अंदाज बरोबर निघाला. आम्ही तिकडे शॉमबर्ग नावाच्या उपनगरात रुजलो. टाउनहाउस, मॉर्गेज, स्नो ब्लोअर, शनिवारच्या पॉटलक पंगती. तुमच्यापैकी जे इकडे आले त्यांना हे पाठ आहे, आणि जे गावी राहिले त्यांना आम्ही फोटो पाठवून पाठवून छळलेलं आहे. गेल्या वर्षी दादा, माझे वडील, गेले आणि मी आईला इकडे आणलं. कायमची. 'कायमची' हे तिला सांगितलं नव्हतं, पण माझं पक्कं ठरलं होतं. तिचंही ठरलं होतं. रोज सकाळी चहा घेऊन ती खिडकीशी बसायची, रिकाम्या रस्त्याकडे बघायची आणि विचारायची, "तिकीट कवाचं काढलंस?"

"बघतोय."

"बघ की. डोळं हैत तुला."

अशा बाईपुढे वाद चालत नाही, नाटक करावं लागतं. नकाशात मला मिल्क रिव्हर सापडली. साक्षात दूधनदी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात उगम पावते आणि थोडं वाहून सरळ कॅनडात शिरते. ना व्हिसा, ना इमिग्रेशनची रांग. मी संवाद पाठ केला: आई, नदीसुद्धा देश सोडून परक्या देशात नांदते, मग तुला काय अडचण आहे? सुट्टी टाकली, आई, सुनीता आणि आमच्या इराला गाडीत घातलं आणि थेट मोंटाना गाठलं.

सीमेच्या अलीकडे एका छोट्या पुलापाशी उतरलो. चहूकडे गवत, वारा आणि गुडघाभर पाण्याची नदी. "एवढ्यासाठी गाडीत कोंबलंस व्हय?" आई म्हणाली. मी घसा साफ केला, कॅनडाच्या दिशेनं हात पसरला आणि संवाद म्हटला. झकास झाला. सुनीतानं चक्क डोळे पुसले. वाऱ्यानं असेल.

तेवढ्यात इरानं फोनमधून मान वर केली. "पण बाबा, इट कम्स बॅक. कॅनडातून वळून परत मोंटानातच येते. लुक."

पडदा तिथंच पडला. आईनं चष्मा लावून नकाशातला तो निळा धागा बोटानं शेवटपर्यंत तपासला. "सासरला जाऊन माहेरला येती की ही," ती म्हणाली. "सुनीता, ओटी भर हिची."

ओटीचं सामान आईच्या पिशवीत होतंच. सुनीतानं तांदळाचे चार दाणे पाण्यात सोडले. नारळ मात्र पाण्याला लावून परत घेतला, कारण नदीत कचरा टाकतोय असं समजून इरानं 'लिटरिंग' म्हणत डोळे वटारले होते.

"आजी, तू का नाही भरत?" इरानं विचारलं.

"मला चालत न्हाई आता, बाळा."

दादा गेल्यापासून, गावच्या रिवाजानं, आईनं कुणाची ओटी भरली नव्हती आणि तिची कुणी भरली नव्हती. आम्ही इराला परंपरा अर्धीमुर्धीच शिकवली. हा भाग राहूनच गेला होता. तिनं उरलेल्या तांदळांची ओंजळ भरली आणि आजीसमोर उभी राहिली. "बट यू आर ऑल्सो लीव्हिंग, ना? मग पदर धर."

सुनीता तिला अडवायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. आईनं एकदा वाहत्या पाण्याकडे बघितलं आणि पदर पसरला.

"झालं," ती म्हणाली. "आता मलाबी परत यावं लागतंय. काढ तिकीट. जायचं आन यायचं, दोन्ही."

दिवाळीआधी मी तिला गावी पोचवून आलो. घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचो. आता बिनदिक्कत सांगतो: जिथून निघताना कुणीतरी पदर धरायला लावतं, ते घर. आमची दोन आहेत, आणि दोन्ही आम्ही चालवणार.

काल फोनवर आईला विचारलं, ते तांदूळ शिजवलेस का?

"शिजवू कशाला?" ती म्हणाली. "रुमालात बांधून ठेवलेत. उन्हाळ्यात येताना आणते. कॅनडातनं ती नदी माघारी येती ना, तिथं सोडायचेत. घेऊन चल मला."