अभ्यासदौऱ्यातला अभ्यास

दुसऱ्याच्या खर्चाने लांब कुठेतरी जायचं, भारी हॉटेलात राहायचं, खाऊनपिऊन मजा करून यायचं, ह्याला आमच्या रत्नागिरीत अभ्यासदौरा म्हणतात. सहल म्हणत नाहीत. सहलीला पदरचे पैसे मोडावे लागतात. पतसंस्थेचे संचालक अभ्यासदौऱ्याला जातात, निवडून आलेले सदस्य अभ्यासदौऱ्याला जातात. सदस्य कचऱ्याचा प्रकल्प बघायला म्हणून गेले की फोटो धबधब्याखालचे येतात, आणि आपल्या नाक्यावरचा कचरा होता तिथेच असतो. ह्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, कारण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही अर्थ ठाऊक असतो. "काय अभ्यास केलात?" असं विचारणाऱ्या माणसाला आमच्याकडे अडाणी समजतात. तो अडाणीपणा मी केला, तोही परदेशात जाऊन.

आमची हापूसची बाग गावाबाहेर कातळावर आहे. सासरे गेल्यापासून ती मीच बघते. फवारणी, राखण, गड्यांची जेवणं, पेट्या भरणं, दलालाशी भांडणं, सगळं माझ्याकडे. आमचे हे सरकारी कचेरीत आहेत आणि बागेशी त्यांचा संबंध आंबा पिकल्यावर येतो. पण सातबारावर नाव त्यांचं. त्यामुळे खतवाला येवो नाहीतर औषधवाला, त्याला साहेबच हवे असतात. हे बिचारे म्हणतात, "हिला विचारा." मग तो माणूस माझ्याकडे बघून छान हसतो आणि म्हणतो, "बरं वहिनी, साहेब निवांत कधी भेटतील?" ह्या एका वाक्याने माझं डोकं फिरतं.

तर आंब्याचा हंगाम आटोपला आणि एका औषध कंपनीचं निमंत्रण आलं. प्रगतिशील आंबा बागायतदारांचा थायलंड अभ्यासदौरा. नाव अर्थातच ह्यांचं. कलमं लवकर आणि भरपूर मोहोरावीत म्हणून बुंध्याभोवती मातीत घालायचं एक औषध असतं, ते ही कंपनी विकते. सासऱ्यांनी ते कधी घातलं नव्हतं, मीही घातलं नव्हतं. आता घालू, अशी कंपनीला आशा होती. ह्यांना रजा मिळेना. मी म्हटलं, मी जाते. कंपनीचा माणूस, चिपळूणचा, बोलायला गोड, तो गडबडला.

"वहिनी, सगळे पुरुषच आहेत हो."

"बागायतदारच आहेत ना? मग झालं."

मला थायलंड बघायचं नव्हतं असं सांगून मी साळसूदपणा करणार नाही. विमानात मी कधी बसले नव्हते. पण त्याहूनही मला बागायतदारांच्या रांगेत एकदा बसायचं होतं. साहेबांची बायको म्हणून नव्हे, बागायतदार म्हणून. एवढी एकच हौस होती.

मी जात्ये ही बातमी फुटली मात्र, दौऱ्यातल्या पुरुषांच्या बायकांचे फोन सुरू झाले. एकीने तर घरी येऊन ओल्या काजूची उसळ दिली. "काय गो, जात्येस ना? बरं झालं बाई. आमच्याकडे जरा लक्ष ठेव हां. एकटा कुठे जाऊ देऊ नको मेल्याला." म्हणजे घरून निघायच्या आधीच माझी बागायतदारी संपून राखणदारी सुरू झाली होती.

तिथे पहिल्या दिवशी हॉटेलातल्या गार हॉलमध्ये पडद्यावर औषधाची माहिती दाखवली. माहिती दहा मिनिटांची आणि कंपनीच्या फलकासमोर फोटो काढायला त्याच्या दुप्पट वेळ. जेवणानंतर पुरुषमंडळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाली, तर खालच्या सोफ्यावर मी. मला नुसती हवा खायची होती. पण त्यांच्या पायांना एकदम कळा आल्या. "वहिनी, विश्रांती घ्या की," एकजण म्हणाला आणि सगळे लिफ्टकडे परत वळले. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी बाजार, तिसऱ्या दिवशी समुद्र. रत्नागिरीच्या माणसांना समुद्र दाखवायला विमानाने नेलं होतं, आणि ती किनाऱ्यावर उभी राहून "वा वा" करत होती. बसमध्ये परत चढताना मी कंपनीच्या मोठ्या साहेबांना विचारलं, "बाग कधी बघायची?"

साहेब म्हणाले, "बाग?"

"आंब्याची. अभ्यासदौरा आहे ना?"

कुणीतरी मागे खाकरलं. साहेबांच्या हातात छापील कार्यक्रम होता, त्यात 'बागेस भेट' असं लिहिलेलं होतं, पण ते ताटातल्या मिठासारखं, वाढायचं म्हणून वाढलेलं. तरी आता बाईमाणसाने विचारलं म्हटल्यावर नाही म्हणता येईना. फोनाफोनी झाली. चौथ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी मंडळींनी मोठ्या दुकानांचा बेत केला होता त्या वेळी, आम्ही भर उन्हात एका आंब्याच्या बागेत उभे होतो. बरेचजण बसमधल्या गारव्यातच बसून राहिले. मागून बोलणं मात्र ऐकू आलं, "आमच्या दौऱ्यात बाई घेतली आणि भलताच अभ्यास निघाला."

झाडं ठेंगणी, दाटीने लावलेली, फळन्‌फळ कागदी पिशवीत. बघून मी थक्क झाले, मनापासून सांगते. औषध तेच घालत होते. मी दुभाष्यामार्फत बागेच्या मालकाला विचारलं, असं दरवर्षी घातल्यावर झाड किती टिकतं? त्याने अगदी सहज सांगितलं, दमलं की काढून टाकतो, नवीन लावतो.

त्याचं बरोबर होतं. त्याची झाडं त्याने लावलेली आणि तोच काढणार. आमची कलमं सासऱ्यांच्या वडिलांनी कातळ फोडून, सुरुंग लावून, खालून माती वाहून आणून लावलेली आहेत. ती दमली तर मी त्यांच्या जागी काय लावू आणि कोणाच्या जिवावर? खाल्ल्या मिठाला जागावं हे मला कळतं, पण मीठ मी खाल्लं होतं, कलमांनी नव्हतं. घरी आल्यावर मी औषध घेतलं नाही. आणि ज्याने विचारलं त्याला त्या मालकाचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्या वर्षी दोन निमंत्रणं आली. ह्यांना व्हिएतनामचा अभ्यासदौरा. मला रत्नागिरीतच हळदीकुंकू आणि महिला मेळावा, येणाऱ्या प्रत्येकीला स्टीलचा डबा. ह्यांना रजाही मिळाली. "तू म्हणत असशील तर नाही जात," असं हे म्हणाले, पण बॅग माळ्यावरून खाली आली होती. मी म्हटलं, "जा, खा, प्या, फोटो काढा. कलमांच्या बाबतीत सही मात्र करायची नाही." माझा संताप झाला होता. इतकं करूनही शेवटी आपण वाणाच्या डब्याचे धनी, हे मला गिळवत नव्हतं.

कंपनीचा तो चिपळूणचा माणूस ह्यांच्या पासपोर्टची प्रत न्यायला आला. हे आत पासपोर्ट शोधत होते. मी ओटीवर चहा दिला आणि सरळ विचारलं, "बाईमाणूस म्हणून मला वगळलंत ना?"

त्याने आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "नाही हो वहिनी. तुम्ही तिकडे जे विचारलंत ते इथे सांगत सुटलात. तुमच्या वाडीत एकानेही माल उचलला नाही. वरून मला फोन आला, हा बागायतदार कोणी निवडला म्हणून. साहेबांचं ठीक आहे, ते येतील, बघतील, परत येतील. तुम्हाला बाग कळते. तुम्हाला नेणं आम्हाला परवडत नाही."

बाई म्हणून मला आजवर पुष्कळांनी बाजूला बसवलं आहे. बागायतदार म्हणून कुणी नाकारलं, ते मात्र पहिल्यांदाच. मी आत जाऊन ह्यांना पासपोर्ट काढून दिला आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.