ऑर्विलने गप्प केलेला पूल

ओहायोतल्या त्या ओढ्यावरचा घडीव लोखंडाचा पूल खडखडायचा, आणि खडखडावा असाच तो बांधलेला होता. प्रत्येक चौकटीत दोन तिरक्या सळ्या. जाड सळई कायम ताणलेली, बारीक सळई सैल. अवजड गाडी आली की बारीक तेवढ्यापुरती कामाला लागायची. ऑर्विल स्ट्राउडने उभा जन्म या पुलाला रंग फासण्यात आणि नट आवळण्यात घालवला. सैल सळ्यांना मात्र त्याने कधी हात लावला नव्हता.

मग त्याच्या बायकोला, आयलीनला, कर्करोगाने अंथरुणाला खिळवलं. घर पुलाला लागूनच. गाडी गेली की बिचारी दचकून जागी व्हायची.

"डोक्यात घण पडतात रे," ती म्हणायची.

ऑर्विलने मोठा पाना घेतला आणि एकूण एक बारीक सळई आवळून टाकली. पूल गप्प झाला. आयलीन दुपारभर गाढ झोपली. ओढ्यापलीकडचा मर्ल मक्याची कणसं घेऊन आला.

"पुलाचं तोंड बंद केलंस, आता माझ्या सासूचं तेवढं बघ."

ऑर्विल कितीतरी दिवसांनी हसला. चूक त्याचीच; पण त्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

आवळलेल्या बारीक सळ्यांनी जाड सळ्यांनाही ओढून धरलं होतं. कडाक्याच्या थंडीत एका जाड सळईच्या टोकाला तडा गेला. सरकारी तपासनीस आला.

"सळ्या कुणी आवळल्या?"

"मी."

"का पण, बाबा?"

"ती झोपावी म्हणून."

तपासनीसाने वही मिटली. "सळई बदलायला असलं लोखंड आता कुणी बनवत नाही, ऑर्विल. पूल पाडावाच लागेल."

पुलाच्या दोन्ही तोंडांना अडसर लागले. मर्ल, सुई टोचायला येणारी नर्स, डबे आणणाऱ्या चर्चमधल्या बाया, सगळी माणसं पलीकडची. वळसा लांबचा, त्यात बर्फ. नर्स कधीमधी यायची, बाकी कुणी नाही. पुलाचं ऑर्विलने बायकोला सांगितलंच नाही.

"माणसं का येईनाशी झाली रे?" आयलीनने एकदा विचारलं. "माझा कंटाळा आला का त्यांना?"

"बर्फ आहे गं."

"मग असं कर, त्या सळ्या परत सैल कर. कुणी आलं तर मला ऐकू तरी येईल. खडखड चालेल मला."

ऑर्विलने तिच्या पायांवर पांघरूण ओढलं.

"उद्या करतो," तो म्हणाला.